मामांचा पहिला अल्बम

तक्रारसुद्धा गाऊन करणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघावा, हे माझं भाग्य. अ‍ॅशबर्नच्या आमच्या वसाहतीत हे निवृत्त इंजिनियर खांद्याला डफ अडकवूनच फिरायला निघतात. अंगणातलं गवत वाढलं म्हणून एकदा त्यांना वसाहतीच्या समितीची दंडाची नोटीस आली, तर मामा रहिवाशांच्या मीटिंगमध्ये उभे राहिले आणि त्यांनी चक्क गवताचा पोवाडा म्हटला. कुणाला अक्षर कळलं नाही, पण दंड माफ झाला. "लढायांचे पोवाडे गाणारे पुष्कळ आहेत, सूनबाई," ते मला ऐकवतात, "पण ड्राइव्हवेवरच्या बर्फाशी मी कसा लढलो, ते कोण गाणार?"

पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की मागून झीलकरी 'जी जी रं जी' करतात. मामांची झीलकरी म्हणजे त्यांची मुलगी मीरा. मराठी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत ती त्यांच्या मागे उभी असायची. मग शाळेतल्या मैत्रिणी हसल्या आणि तिनं ते बंद केलं. पुढे ओळही मामाच म्हणायचे आणि झीलही तेच, आणि ते ऐकताना मला वाईट वाटायचं. आता मीरा प्राण्यांची डॉक्टर आहे, बॅन्जो वाजवते. गेल्या वर्षी तिनं आपण होऊन विचारलं, "बाबा, लेट्स डू अ‍ॅन अल्बम. आपण दोघं." मामांनी त्याच दिवसापासून घसा जपायला लोणचं बंद केलं. बॅन्जोला ते 'श्रीमंत घरात दिलेलं तुणतुणं' म्हणतात, पण कौतुकानं.

घोटाळा झाला तो स्टुडिओत. मी त्यांना सोडायला म्हणून गेले आणि तिथेच थांबले. दाढीवाल्या साउंड इंजिनियरनं दोघांना काचेच्या वेगवेगळ्या खोल्यांत उभं केलं. आधी मामांच्या ओळी, मग मीराची झील, जोडकाम नंतर. मामांनी काचेला नमस्कार केला, नसलेल्या प्रमुख पाहुण्यांचे आभार मानले, पहिली ओळ म्हटली आणि झिलेची वाट बघत थांबले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. न थांबता गायला लावलं, तर धाप लागून खालीच बसले. मग बाहेर येऊन डफ पिशवीत घालू लागले. "राहू दे गं. माझं वय झालं आता," असं ते मीराला म्हणाले.

तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करू, असं इंजिनियरनं सुचवलं. मीरानं मान हलवली. "नो. मी गाते तेव्हा बाबा ब्रीद करतात." तिनं हेडफोन काढले, मामांना हाताला धरून त्यांच्या खोलीत नेलं आणि लहानपणी राहायची तशी त्यांच्या मागे उभी राहिली. पोवाडा सलग झाला.

अल्बम आलाय. ऐकणारे तूर्त नातेवाईकच, पण मामांनी दुसऱ्याची तयारी सुरू केलीय. विषय, आमच्या वसाहतीमागे अहोरात्र घरघरणारं डेटा सेंटर. मी मात्र गाडीत पहिलाच लावते. शेवटच्या पोवाड्यात एका जागी मामांचा आवाज कापतो, विरत जातो. तेवढं काढून टाकू का, असं इंजिनियरनं विचारलं होतं. मीरानं ठेवायला सांगितलं. झील तिथे दोनदाच म्हणायची ठरली होती, पण ती म्हणत राहते, जराही घाई न करता, वडिलांचा श्वास परत येईपर्यंत. मग मामा पुढची ओळ उचलतात, आणि मला दर वेळी हायसं वाटतं.