कार्ड परत मिळेल का?

डॉक्टरबाईंचे खेचर खालच्या वळणावर दिसले की मिनेर्वा कॉफीच्या खळ्यामागच्या झोपडीत जाऊन बसायची. एकोणचाळिसाव्या वर्षी, लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर, तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. पाय सुजले होते, रक्तदाब चढत होता. डॉक्टरबाईंनी बजावले होते की उरलेले दोन महिने खाली गावातल्या मातृगृहात, जोखमीच्या गरोदर बायकांच्या घरात राहायचे. राहणे, जेवण, औषधे, बाळंतपण, सगळे फुकट.

त्या 'फुकट'चीच तिला धास्ती वाटायची.

ती आठ वर्षांची असताना, देशातल्या क्रांतीच्या आधी, तिची आई बाळंतपणात अडली. तेव्हा गरिबाला इस्पितळात खाट मिळायची ती पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठीसाठी मतदानाचे कार्ड त्याच्या हवाली करावे लागे. बाबांनी कार्ड दिले. पुढाऱ्याचा माणूस ते खिशात घालून गेला तो गेलाच. आई इस्पितळाच्या फाटकाबाहेर, बैलगाडीतच दगावली. खाट तेव्हाही फुकटच होती.

"बाहेर ये गं," सिरिलो, तिचा नवरा, दारातून कुजबुजला. "ती नदीवर गेलीय म्हणून सांगितलं मी. तर डॉक्टरबाई म्हणतात, एवढं पोट घेऊन पाण्यात उतरली असती तर एव्हाना पूर आला असता."

त्याच्या मागोमाग डॉक्टर ओदालिस आत आल्याच. सान्तियागो शहरातली पोरगी, अजून तिशीही न गाठलेली. त्या समोरच्या पोत्यावर बसल्या.

"मिनेर्वा, तुम्हाला इस्पितळाची भीती वाटते ना? मला तुमची वाटते."

"माझी?"

"इथं तुम्हाला झटके आले तर मी एकटी. रक्त नाही, शस्त्रक्रिया नाही. नदी चढली की रस्ताही नाही. शिकत असताना एकदा पाहिलंय मी ते. तिथं सगळं हाताशी होतं, तरी मी घाबरून गेले होते."

बोलताना त्या पोत्याचे धागे उपसत होत्या. डॉक्टरही घाबरतात, हे मिनेर्वाला ठाऊक नव्हते. आता तिला दोन्हीकडून भीती वाटू लागली, जाण्याची आणि राहण्याचीही.

"त्यांना काय द्यावं लागेल?" तिने हळूच विचारले.

"कुणाला? काही नाही. दोन झगे घ्या, चपला घ्या. आणि हो, ओळखपत्र विसरू नका."

म्हणजे पुन्हा कार्डच, मिनेर्वाच्या मनात आले. तरी दुसऱ्या दिवशी सिरिलोच्या सोबतीने ती खेचरावर बसली, पुढे जीपमध्ये बसली. कार्ड तिने झग्याच्या आत, छातीशी टाचून ठेवले होते.

मातृगृहाच्या ओसरीवर झुलत्या खुर्च्यांत पोटुशा बायका बसल्या होत्या. फाटकावर एक जाडजूड बाई होती.

"ओळखपत्र?"

मिनेर्वा झग्यावर हात दाबून उभी राहिली. सिरिलोनेच टाका उसवून कार्ड काढून दिले. बाईने ते घेतले आणि ती चक्क आत निघून गेली.

"अगं, बस इथं सावलीत," सिरिलो म्हणाला.

"तुम्ही बसा. बाबापण असेच बसले होते." तिने फाटकाचे गज घट्ट धरले. ओसरीवरच्या बायका वळून बघू लागल्या. त्यांतली एक ओरडली, "ए बाई, फाटक उपटून नेतेस की काय?" मिनेर्वाने गज सोडले नाहीत.

फाटकावरची बाई परत आली. "घ्या. नाव लिहून घेतलं. खिडकीजवळची खाट आहे."

"हे... मला परत?"

"मग? मी काय करू त्याचं? फोटोसुद्धा धड आलेला नाही तुमचा."

आत नर्सने रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला. "मूठ सैल करा हो. ते कार्ड ठेवा खाली."

मिनेर्वाने खिडकीतून फाटकाकडे पाहिले. मग कार्ड दुसऱ्या हातात घेतले, आणि पट्टा बांधलेला हात सैल सोडला.