सव्वाशे टक्के

१२ नोव्हेंबर, बुधवार. सौंदड.

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. मधे कितीतरी जणांनी विचारपूस केली, मी साधं उत्तरही दिलं नाही... माफ करा. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, उरक नव्हता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी घरी बसून एका वेब ब्राउझरच्या ग्राफिक्सच्या कोडवर काम करते. पान उघडलं की तुम्हाला एक चित्र दिसतं, पण आत ते थरांचं असतं. ते थर एकावर एक ठेवून विंडोत एकच चित्र दाखवायचं, आणि ते प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवर सारखंच दिसलं पाहिजे... एवढंच माझं काम. 'एवढंच' म्हणते खरी, पण वर्ष त्यातच गेलं.

उन्हाळ्यात मी त्यात एक सुधारणा केली होती. पानाचा जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा रंगवायचा, बाकी आधीचा तसाच ठेवायचा. कॉम्प्युटरला काम कमी. कौतुकही झालं.

पुढे एका अनोळखी माणसाची तक्रार आली, की कधीकधी टाइप केलं तरी जुनंच दिसत राहतं. मी माझ्याकडच्या तिन्ही मशीनवर पाहिलं, काही सापडलं नाही. 'आमच्याकडे असं होत नाही' असं लिहून तक्रार बंद केली. त्या दिवशी मी थकलेली होते, हे कारण नाही... पण होते.

आज सकाळी बाबांना घेऊन ऑनलाइन केंद्रात गेले. बाबा रिटायर्ड शिक्षक, पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. धान निघालंय, त्यामुळे सरकारी खरेदीच्या नोंदणीसाठी रांग होती. आम्ही बाकावर बसलो.

कॉम्प्युटरवर वंदनाताई होत्या. प्रत्येक रकाना भरला की त्या विंडो मिनिमाइझ करायच्या, परत वर आणायच्या, मग आकडा मोठ्याने वाचायच्या. प्रत्येक वेळी. समोरचा माणूस कंटाळला.

"काऊन खाली-वर करून राहिली वो बाई? धान वाळून जाईन माहं."

"वाळलेलंच घेतात जी खरेदी केंद्रावर. बसा."

बाबांचा नंबर आला, आम्ही टेबलालगतच्या बाकावर सरकलो तेव्हा त्यांनीही तेच विचारलं. वंदनाताई हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, मागच्या हप्त्यात एका जनाच्या शेताचा गट नंबर चुकला माह्याकडून. सत्तेचाळीस होता, चारशे सत्त्याहत्तर गेला. धानाचा ट्रॅक्टर भरून नेला त्यानं, नंबर जुळला नाही म्हनून तसाच वापस आला. मालक म्हणते, आता एक जरी चूक झाली का घरी बस."

मग म्हणाल्या, "डोळेच गेले माहे. नवा चष्मा घेतला, तरी सात दाबलेला दिसत नाही. मंग मी पुन्हा दाबतो... अन् विंडो खाली-वर केली का बरोबर दिसते."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी बाकावरून उठले. त्या अनोळखी माणसाची तक्रार आठवली.

बाबांचं काम झाल्यावर पाच मिनिटं माउस मागितला. ब्राउझर तोच, माझ्या सुधारणेनंतरचा. डिस्प्ले सेटिंग उघडलं... सव्वाशे टक्के. अक्षरं बारीक दिसतात म्हणून वंदनाताईंनीच कधीतरी वाढवून घेतलं होतं. मी तपासलं होतं शंभरवर आणि दोनशेवर, कारण माझ्या घरचे स्क्रीन तसे आहेत. सव्वाशेवर मोजमाप पूर्ण आकड्यांत बसत नाही, आणि तिथे माझा कोड कोणता भाग बदलला तेच विसरत होता. त्या जागी आधीचं चित्र तसंच राहायचं. विंडो खाली-वर केली की सगळंच नव्याने रंगायचं, म्हणून मग बरोबर दिसायचं.

मी सेटिंग शंभरवर आणलं. सात दाबला, सात दिसला. "झालं दुरुस्त," म्हणाले, आणि बाबांचा हात धरून निघालेसुद्धा... हे लिहायला लाज वाटते, पण असंच झालं.

दारातून मागे पाहिलं. अक्षरं लहान झाल्यामुळे वंदनाताई नाक स्क्रीनला लावून वाचत होत्या. तक्रार मात्र काहीच नव्हती.

परत आत गेले. केंद्राचे मालक बाजूलाच झेरॉक्सच्या मशीनपाशी होते. त्यांना सांगितलं, त्या गट नंबरची चूक यांची नव्हती.

"मंग कोनाची होती जी?"

"माझी."

ते हसले. त्यांना वाटलं, मी वंदनाताईंची बाजू घेतेय. मग सेटिंग पुन्हा सव्वाशे करून दाखवलं, सात दाबला... दिसला नाही. विंडो खाली-वर केली, दिसला. त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, "असं कागदावर लिहून द्या. तो ट्रॅक्टरवाला रोज फोन करून राहिला माले. वाचून दाखवतो त्याले."

लिहून दिलं. साध्या मराठीत, खाली सही. इतक्या वर्षांत माझ्या कोडबद्दल कागदावर सही करायची ही पहिलीच वेळ. माझा कोड दुरुस्त होईपर्यंत वापरायला दुसरा ब्राउझर इन्स्टॉल करून दिला आणि अक्षरं मोठीच ठेवली.

वंदनाताईंनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून हातात धरला. "म्हंजे माहे डोळे चांगले हायेत," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

मला वाटलं होतं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, थोडं हलकं वाटलं असतं.

घरी आल्यापासून तेच मनात आहे. त्या अनोळखी माणसानेही माझं उत्तर वाचून स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेतली असेल का...

उद्या: ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडणे.