टाचणीबाई आणि यंदाचे पाहुणे

कॉलेजात तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे. पदवीदानाचे गाऊन सांभाळायचे, उसवलेले शिवायचे आणि समारंभाच्या सकाळी प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर गाऊन चढवून खांद्यावरची रेशमी पट्टी नीट टाचून द्यायची, हे तिचं काम. टाचण्या ओठांत धरायची तिला सवय होती. त्यामुळे पाहुणे बोलायचे आणि ती नुसतं ‘हूं’ करायची.

पाहुण्यांबद्दल तिची स्वतःची मतं होती. एक सिनेनट आला होता, तो आरशासमोरून हलता हलेना आणि भाषण मात्र दोन वाक्यांत गुंडाळून पळाला. एक निवृत्त न्यायाधीश आले. “मुलांना काय सांगू हो?” असं त्यांनी चक्क तिलाच विचारलं. “लवकर सोडा त्यांना, आईबाप ताटकळलेत,” ती टाचण्यांआडून पुटपुटली, आणि त्या भल्या माणसाने ऐकलं. तिच्या मते आजवरचं सर्वांत उत्तम भाषण तेच. बाकी कोण काय बोललं हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही, मग कोणाला बोलवायचं यावरून दरवर्षी एवढी डोकेफोड कशाला, असं ती म्हणायची.

यंदा ती डोकेफोड तिच्याच घरात शिरली. कॉलेजने बोलावलं गिरणीमालकाला. नव्या ग्रंथालयाची इमारत त्यानेच बांधून दिलेली, तेव्हा निवड कशी झाली हे वेगळं सांगायला नको. “अहो बाई, असले पाहुणे निवडायचे नसतात, त्यांचे उपकार फेडायचे असतात,” हेडक्लार्क दात कोरत म्हणाला. प्राध्यापकांत दोन तट पडले, म्हणजे चहाच्या खोलीत पडले. प्राचार्यांसमोर सगळे मूग गिळून बसले. मुलं तेवढी फलक घेऊन फाटकावर उभी राहिली. त्यांत टाचणीबाईची लेकही होती. तिलाही यंदाच पदवी मिळायची होती.

टाचणीबाईच्या नवऱ्याची उमेदीची सगळी वर्षं त्याच गिरणीत गेली होती, कापूस पिंजायच्या खात्यात. धूळ ओढून घेणारे पंखे तिथे होते, पण वीज खातात म्हणून बंद असायचे. कोणी तपासायला येणार असलं की तेवढे चालू. आता त्याला खोलीतून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये थांबावं लागे. खोकल्याची उबळ आली की ती संपेपर्यंत मायलेकींचा जीव टांगणीला. गिरणीने केव्हाच हात झटकले होते. म्हणे सिगारेट ओढत असेल. जन्मात सिगारेट न ओढलेल्या माणसाला!

“तो बोलायला उभा राहिला की आम्ही सगळे उठून बाहेर जाणार,” लेकीने जेवताना जाहीर केलं.

“आणि पदवी?” टाचणीबाईने विचारलं. उठून जाणाऱ्याला मंचावर पदवी मिळणार नाही, नंतर ऑफिसच्या खिडकीतून घेऊन जावी, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. लेक मंचावर चढते आहे आणि तिचा बाप ते बघतो आहे, एवढ्या एका दृश्यासाठी ही बाई वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचे गाऊन शिवत आली होती.

“बोलू दे की त्याला,” नवरा म्हणाला. “मला ऐकायचंय. गिरणीबद्दल एखादा शब्द तरी काढतो का, बघू.”

“आणि नाही काढला तर, बाबा?”

“तर नाही काढला. मी काय त्याच्यासाठी येतोय? तुझ्यासाठी येतोय.”

लेकीच्या चेहऱ्यावरचा हट्ट काही जाईना. तेव्हा टाचणीबाई बोलून गेली, “तू उठायचं नाहीस. तुला माझी शपथ आहे. काय सांगायचं ते मी सांगते त्याला. सकाळी माझ्याच हाताखाली तर उभा असणार.”

“तू? तू ‘हूं’शिवाय काही बोलतेस का कधी?”

“यंदा बोलेन,” ती म्हणाली, आणि त्या शब्दावर लेकीने मान डोलावली.

समारंभाच्या सकाळी टाचणीबाईने टाचण्या मुद्दाम मनगटावरच्या गादीत ठेवल्या. ओठ रिकामे हवे होते. वाक्य तर पाठच होतं: माझे यजमान तुमच्या गिरणीत होते, पंखे बंद असायचे, आता त्यांना श्वास पुरत नाही.

पण गिरणीमालक निघाला साधा, थकलेला म्हातारा. एखादा मग्रूर माणूस आला असता तर काम सोपं झालं असतं. हा तर “त्रास देतोय तुम्हाला” असं म्हणत आपणहून हात वर करून उभा राहिला. शेजारी प्राचार्य, सारखे घड्याळाकडे बघत. तिने एक खांदा टाचला. दुसरा टाचला. वाक्य तसंच राहिलं.

“घरी कोण कोण असतं?” त्यानेच विचारलं.

“मुलगी आहे, शिकतेय. आणि हे.”

“काय करतात यजमान?”

आयतं दार उघडलं होतं. नुसतं आत पाऊल टाकायचं. तिने प्राचार्यांकडे पाहिलं. लेकीची पदवी अजून मंचावरच्या टेबलावर आहे, हातात नाही, हे तिला आठवलं. आपली नोकरीही आठवली.

“घरीच असतात,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही कामाला! नशीबवान माणूस बुवा,” तो हसला. प्राचार्य हसले. आणि, आता काय म्हणावं, तीही हसली. मग तिने दोन टाचण्या ओठांत धरल्या. टाचायचं काहीच उरलं नव्हतं.

तो बोलायला उभा राहिला तशी जवळजवळ अर्धी मुलं उठली आणि बाहेर चालू लागली. मैत्रिणींनी लेकीचा हात ओढला. ती जागची हलली नाही. आईने शब्द दिला होता ना. पडद्याआडून टाचणीबाई ते बघत होती आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

गिरणीमालक मुरलेला होता. “जाणाऱ्यांना जाऊ द्या, मी राहिलेल्यांशी बोलतो,” म्हणाला. टाळ्या पडल्या. मग कष्टाचं महत्त्व आलं. आणि मग, “आत्ताच मला हा गाऊन घालणाऱ्या बाई भेटल्या. यजमान घरी बसलेले. पण या बाईंच्या कपाळावर आठी नाही! हसतमुखाने कामाला येतात, मुलीला शिकवतात. मित्रांनो, जगात दोन प्रकारची माणसं असतात. काही घरी बसतात, काही उठून कामाला लागतात.”

सभागृह हसलं. पुन्हा टाळ्या. लेकीने मान वळवून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीत तिचा बाप बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, ताठ. त्याने उबळ दाबायचा प्रयत्न केला असणार, पण ती काय दबणार! खोकला सुरू झाला आणि थांबेचना. भाषण अडलं.

“अरे, कोणीतरी पाणी द्या त्यांना,” गिरणीमालक म्हणाला, मनापासून.

टाचणीबाई पडद्याआडून निघाली. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला पेला तिने टेबलावरून उचलला आणि मधल्या वाटेने चालू लागली.

“बघा, याच त्या बाई!” वरून आवाज आला. “मी म्हणालो ना!”

लोक तिच्याकडे वळून वळून टाळ्या वाजवू लागले. त्या गजरात ती नवऱ्यापाशी पोचली. त्याने दोन घोट घेतले, श्वास जमवला.

“मी घरी बसलेला?” त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात राग असता तर तिला सोसलं असतं. तो खरंच विचारत होता. तिचे ओठ हलले, पण टाचण्या अजून तशाच होत्या. तिने त्या काढून गादीत खोचल्या, तोवर त्याने मान फिरवली होती.

लेकीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पण जागीच उभी राहिली. बापाने मागून हात हलवला, जा म्हणून. तेव्हा कुठे ती मंचावर चढली. पदवी घेताना ती पुढे वाकून गिरणीमालकाला काहीतरी म्हणाली, आणि खाली उतरली. बापाने टाळ्या वाजवल्या, जेवढ्या जमल्या तेवढ्या.

तिघं घरी निघाली. नवरा दर कोपऱ्यावर थांबत होता, त्याच्याबरोबर दोघी थांबत होत्या. अशाच एका थांब्यावर टाचणीबाईने धीर केला.

“काय म्हणालीस त्याला?”

“जे सकाळी तू म्हणणार होतीस ते.”

टाचणीबाईने खाली पाहिलं. तिने विचारलं, “मग? तो काय म्हणाला?”

“अभिनंदन म्हणाला,” लेक म्हणाली. “सगळ्यांना म्हणत होता, तेच.”