माईकबाईचं विमान

बसस्थानकावर सगळे तिला माईकबाई म्हणायचे. काचेच्या एवढ्याशा खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे सांगण्यात तिची उभी हयात गेली. आवाज असा की भांडणारी माणसंही ऐकायला गप्प व्हायची. पण तो आवाज घरापर्यंत कधी पोचलाच नाही. संध्याकाळी घसा बसलेला. मग बाई कोमट पाण्याचे घोट घेत, हातवारे करून लेकीशी बोलायची. लेक शाळेतून वाकडी वाट करून स्थानकावर यायची आणि दप्तर मांडीवर घेऊन बाकावर आईचं बोलणं ऐकत बसायची. आई सांगत असायची गाड्यांची नावं. पोरीला तेवढंही पुरायचं. निदान सगळे तसं धरून चालले होते.

ती लेक आता दूरच्या शहरात बाळंत व्हायची होती. दुपारी ऑपरेशन ठरलेलं, जावई बोटीवर नोकरीला, घरात तिसरं माणूस नाही. फोनवर ती म्हणाली, "आई, तू फक्त ये आणि बोलत राहा. काहीही बोल. मला आत नेईपर्यंत तुझा आवाज कानावर असू दे." सकाळच्या विमानाचं तिकीट तिनेच काढलं होतं. वर आईचे गुडघे दुखतात म्हणून विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसायची सोयही करून ठेवली होती.

लाउंजमध्ये शिरताच माईकबाई हरखून गेली. गालिच्यात पाय असा रुतत होता की स्वतःची चप्पलही ऐकू येईना. खुर्ची तर अशी की बसल्यावर उठायचं कशाला, असा प्रश्न पडावा. समोरच्या भल्यामोठ्या काचेपलीकडे विमानं येत होती, जात होती, आणि कशाचा म्हणून आवाज नव्हता. लोक कॉफी पीत होते तेसुद्धा जणू कुणाची झोप मोडेल अशा बेताने. भिंतीवरच्या पडद्यावर वेळा सरकत होत्या, पण पडद्यांवर बाईचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्या स्थानकावरचा पडदा निघून गेलेली गाडी तासभर दाखवत बसायचा.

ती निर्धास्त होती. पुकारल्याशिवाय गाडी हलत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती स्वतः प्रत्येक गाडी तीनदा पुकारायची. एखादी म्हातारी गाठोडं सावरत पळताना दिसली की चौथ्यांदा पुकारायची आणि तेवढा वेळ ड्रायव्हरला थोपवून धरायची. ड्रायव्हर कावायचे. कावेनात का!

आज कुणीतरी आपल्याला पुकारणार, या विचाराने तिला गुदगुल्या होत होत्या. कसा असेल आवाज? पोरगेला असेल की मुरलेला? ऊन काचेतून मांडीवर आलं. जाग आणि झोप यांच्या मधल्या जागेत ती तरंगत राहिली. तिला वाटलं, आपण बाकावर बसलोय, मांडीवर दप्तर आहे आणि आत कुणीतरी आपल्यासाठी बोलणार आहे. किती बरं वाटत होतं तिला! असं नुसतं वाट बघत बसणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

"मावशी, विमान कितीचं तुमचं?" कप उचलणाऱ्या बाईने विचारलं.

तिने वेळ सांगितली. त्या बाईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "अहो, मग इथे काय बसलात? इथे पुकारत नाहीत! लोकांना त्रास नको म्हणून बंद ठेवलंय ते. पळा!"

माईकबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गुडघे विसरून ती धावली. दारापाशी पोचली तेव्हा विमान काचेपलीकडे दिसत होतं, हळूहळू मागे सरकत होतं, आणि दार बंद झालं होतं.

"मावशी, कुठे होतात?" दारावरची मुलगी कळवळून म्हणाली. त्या मुलीचाही घसा बसला होता. "चार वेळा पुकारलं हो तुमचं नाव."

चार वेळा. बाईला त्या पोरीवर रागावताही येईना. पुढचं विमान संध्याकाळी होतं.

तिने तिथल्याच खुर्चीत बसून लेकीला फोन लावला. "बाळा, विमान चुकलं गं. माझ्याच मूर्खपणाने चुकलं. मी नाही पोचत."

पलीकडून लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला भीती वाटतेय, आई. आता इथूनच बोल. थांबू नकोस."

काय बोलायचं? गाड्यांची नावं सोडून तिला बोलायची सवयच कुठे होती! ती अडखळली, आणि मग सुचेल ते सांगू लागली. लेक पोटात असताना आपल्याला चिंचा कशा लागायच्या. बाकावरची दोन वेण्यांची पोर काचेतून दिसायची, तेव्हा माईक बंद करून ती एकदा तरी तिचं नाव घ्यायची, रोज घ्यायची, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"खरंच?" लेकीने विचारलं.

"खरंच गं."

दुपार झाली, तसा फोनमधून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "चला ताई, फोन द्या इकडे." फोन बंद झाला. माईकबाईला ते कळलंही नाही. ती लेकीला नावाने हाक मारत बोलतच राहिली.