दुपट्ट्याखालचं विमान

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींकडे मी कारकून होतो. एका साहेबाचं जुनं, दोन माणसांचं विमान घ्यायचं शेठजींच्या मनात आलं आणि ते पारखायला त्यांनी परतवाड्याच्या बाजारातून चक्क बैलांचा दलाल बोलावला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. इंग्रजी शिकलेला मी, मला त्याचं हसूच येत होतं.

विमान गावाबाहेरच्या मैदानात उभं होतं; साहेब आणि शेठजीही तिथंच होते. दलालानं विमानाभोवती सावकाश दोन चकरा मारल्या, पंखाच्या कापडावर टिचकी मारली, चाकापाशी उकिडवा बसून वास घेतला. मग बैलबाजाराच्या रीतीनं साहेबाच्या हातावर दुपट्टा टाकला आणि आत बोटं दाबून भाव सुरू केला. साहेब आधी बावरला, पण लवकरच त्यालाही खेळ कळला.

भाव जुळत आला, तेव्हा हात न सोडताच दलाल मला म्हणाला, "सायबाले म्हना, तुमी बसा अन् एक चक्कर मारून दाखवा."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब हसत हो म्हणाला.

दलालानं दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. "नोका घेऊ, मालक."

"काहून? तो तं हो म्हणाला!" शेठजी चिडले.

"तोंड हो म्हनते. हात थंडा पडला त्याचा."

मला राहवेना. "काहीतरीच! मी बसतो विमानात."

दलालानं फक्त दुपट्ट्याचं टोक माझ्यापुढे धरलं.

मी हात खिशात घातला.