रेश्मानं काढलेलं रान

सकाळची हजेरी घेत होते. रेश्माचं नाव पुकारलं, तेव्हा तिच्याच वाडीतली संगीता मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "बाई, रेश्मा गेली. काल दुपारी." मी विचारलं, "कुठं गेली?" पुढच्या बाकावरच्या मुलींनी माना खाली घातल्या... मला कळायला तेवढा वेळ लागला. याला आता सहा आठवडे झाले. तो प्रश्न मी मुलांसमोर विचारला, याची लाज अजून जात नाही.

भरे गावाजवळच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवते. रेश्मा आठवीत आमच्याकडे आली, डोंगरावरच्या वाडीतून रोज तासभर चालत. चित्रकलेत ती कच्ची आहे, असं माझं मत होतं. माणूस काढायला सांगितला की तिचा हात थांबायचा. एकदा 'आमचे शेत' हा विषय दिला, तर तिनं अख्खा कागद काळा-करडा करून ठेवला, मधोमध एक तांबडी चीर. रंग फुकट घालवले म्हणून मी चिडलेच. "यात शेत कुठंय?"

"राब भाजलाय बाई." भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात जमीन भाजतात, तो राब.

"पण दिसत तर काहीच नाही!"

"दिसत न्हाई. पर भाजल्यावर अनवानी गेलं की पायाला लागतंय, त्ये काढलंय."

अमूर्त चित्रकलेवर पानंच्या पानं लिहून मी पास झाले होते, आणि तेरा वर्षांच्या मुलीनं ते एका वाक्यात सांगितलं. त्यानंतर मधली सुट्टी ती चित्रकलेच्या खोलीत काढू लागली. वडील पिरंगुटला कारखान्यात मजुरीला, ते तिला खोक्यांचे पुठ्ठे आणून द्यायचे. सुरुवातीला ती पुठ्ठा कोपऱ्यापर्यंत भरून टाकायची. हळूहळू तिला थांबणं जमू लागलं. नववीत तिनं आईच्या खोकल्याचं चित्र काढलं, तपकिरी रंगाचे तुटके तुटके फटकारे, आणि मध्ये बरीच जागा कोरी. "ही का सोडलीस?" मी विचारलं. "तितं आई दम घेती," ती म्हणाली.

...आणि याच मुलीला मी त्या वर्षाच्या अखेरीस तालुक्याच्या स्पर्धेच्या वेळी सांगितलं, "यंदा डोंगर, घरं, माणसं काढ. परीक्षकांना कळायला हवं." तिनं निमूटपणे काढलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, प्रार्थनेच्या वेळी टाळ्या झाल्या. ओळीत परत जाताना तिनं प्रमाणपत्र माझ्या हातात ठेवलं. "ह्ये तुमीच ठिवा बाई. ह्ये माझं न्हाई." त्यानंतर ती खोलीत आली नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एकदा दारात येऊन उभी राहिली. मी दहावीचे फॉर्म तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "उद्या ये गं." दुसऱ्या दिवसापासून ती भातलावणीला गेली. चिखलात उभं राहून ताप आला, घरच्यांना तो साधाच वाटला. डोळे पिवळे झाल्यावर तिला झोळीतून खाली आणलं, पण फार उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. काय सांगायला आली होती ती? हे आता मला कोण सांगणार...

दहाव्यानंतर वाडीवर गेले. घरचा मोबाइल पाण्यात पडला आणि त्याच्यातले तिचे फोटोही गेले, असं ऐकलं होतं, म्हणून शाळेच्या फॉर्मवरचा फोटो मोठा करून नेला. आईनं तो बराच वेळ पाहिला. "ह्यात ती भ्यालीया," म्हणाली आणि परत दिला. मग धान्याच्या कणगीमागून तिनं एक चित्र बाहेर काढलं, रेश्मानं सुट्टीत केलेलं, मी कधीच न पाहिलेलं. गर्द हिरवं, जवळजवळ काळं रान. ते माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, "तुमाला कळतंय म्हन्त्यात. ह्यात कुटं हाय ती? दावा की."

मी चित्र दाराच्या उजेडात नेलं. एरवी शाळेत आलेल्या पाहुण्यांपुढे मी अशा चित्रांबद्दल किती बोलते. शेवटी दाट रंगावर उमटलेले बोटांचे ठसे तेवढे दाखवले. आईनं त्यातल्या एकावर आपलं बोट ठेवलं. ते ठशाबाहेर आलं. "लई बारीक हुती बोटं," ती म्हणाली. चुलीचा धूर लागेल म्हणून तिनं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि ती माझ्यासाठी चहा टाकायला उठली.