सोळा वर्षांचा दाखला

भाईंदर पूर्वेच्या आमच्या औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात ते कारकून होते. सरकारचं नवं परिपत्रक आलं की ते नोटीस बोर्डावर लावायचे आणि तिथंच उभं राहून कामगारांना हिंदीत समजावून सांगायचे. आम्हा कारखानदारांशी बोलताना प्रत्येक वाक्याआधी ‘मी काय म्हणतोय’ म्हणायचे, पण स्वतःचं मत कधी सांगायचे नाहीत.

सरकारी सवलतींमुळे इथे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने उभे राहिले, ते त्यांच्यादेखत. पुढे त्याहून मोठ्या सवलती सीमेपलीकडे गुजरातेत मिळू लागल्या आणि एकेक गाळा रिकामा झाला. शेवटी मीही निघालो.

यंत्रं ट्रकवर चढत होती, तेव्हा ते कागदांचा गठ्ठा घेऊन आले.

"मी काय म्हणतोय शेठ, तिकडे यंत्रांना सबसिडी आहे. इथे राहणाऱ्या तुमच्या माणसांना काय आहे? कामाचे दाखले तरी द्या. मी लिहून आणलेत."

"एवढी घाई कशाला? पाठवतो नंतर."

"नंतर कोणीच पाठवलेले नाहीत," ते शांतपणे म्हणाले आणि पेन पुढे केलं.

ट्रकच्या फळीवर कागद ठेवून मी सह्या करू लागलो. एका नावाशी थांबलो.

"हा कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा पॉलिशवाला. सोळा वर्षं."

मी त्याला रोज ‘ए पॉलिशवाला’ अशीच हाक मारायचो. त्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.